दीनबंधू अँड्र्यूज आणि प्रभूचे मेज

चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज हे नाव मराठी वाचकाला बहुधा गांधीजी आणि रवींद्रनाथ यांच्या संदर्भात परिचित असते. फिजी आणि दक्षिण आफ्रिका येथील हिंदी मजुरांचा कैवारी, शांतिनिकेतनातील धोतर नेसणारा दाढीधारी इंग्रज, गांधीजींना एकेरी नावाने हाक मारणारा मोजक्यांपैकी एक मित्र, अशी त्यांची प्रतिमा रूढ आहे. ती चुकीची नाही. मात्र ते इंग्लंडच्या चर्चचे विधिवत दीक्षित धर्मगुरू होते, प्रभुभोजनाची भाकर मोडून ती भक्तांच्या हाती देण्याचा अधिकार त्यांना होता, आणि आयुष्याच्या मध्यावर तो अधिकार वापरण्याचे त्यांनी स्वतःहून थांबवले, ही गोष्ट त्या प्रतिमेत क्वचितच येते. त्यांच्या पुढील पंचवीस वर्षांच्या सेवाकार्याचा अर्थ या त्यागाशिवाय नीट लागत नाही.

अँड्र्यूज यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८७१ रोजी टाइन नदीकाठच्या न्यूकॅसल येथे झाला. वडील जॉन एडविन अँड्र्यूज हे कॅथॉलिक अपोस्टॉलिक चर्च या लहान पंथाचे धर्माधिकारी होते. ख्रिस्ताचे पुनरागमन लवकरच होणार अशी या पंथाची श्रद्धा होती, आणि त्याच्या उपासनेच्या केंद्रस्थानी प्रभुभोजनाचा विधी होता. धूप, दीप, वस्त्रे, गायन यांनी तो विधी समृद्ध केलेला असे. प्रभूचे मेज म्हणजे काय याचा पहिला संस्कार मुलावर या वातावरणात झाला. दुसरा संस्कार घरातला होता, आणि तो कदाचित अधिक खोल होता. आईच्या नावे असलेल्या मालमत्तेची व्यवस्था ज्या मित्राकडे होती, त्याने विश्वासघात करून ती बुडवली. मोठ्या कुटुंबावर अकस्मात दारिद्र्य आले. त्या रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत वडिलांनी त्या मित्राविरुद्ध शब्द न काढता त्याच्यासाठीच प्रार्थना केली. क्षमा ही प्रवचनाची बाब नसून रात्रीच्या जेवणाआधी करावयाची गोष्ट आहे, हे मुलाने त्या दिवशी पाहिले.

बर्मिंगहॅमच्या किंग एडवर्ड शाळेतून १८९० मध्ये ते केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात गेले. तेथे वडिलांचा पंथ सोडून ते इंग्लंडच्या चर्चमध्ये आले. वडिलांना याचे दुःख झाले आणि मुलाला त्या दुःखाचे ओझे पुढे पुष्कळ दिवस वाटत राहिले. डरॅमचे विद्वान बिशप ब्रुक फॉस वेस्टकॉट यांचा मुलगा बॅसिल हा त्यांचा जिवलग मित्र झाला. भांडवल आणि श्रम यांच्या संघर्षाशी ख्रिस्ती धर्माचा काय संबंध आहे, या विषयावरील त्यांच्या निबंधाला बर्नी पारितोषिक मिळाले. १८९६ मध्ये डीकन आणि १८९७ मध्ये धर्मगुरू म्हणून त्यांचा दीक्षाविधी झाला. दक्षिण लंडनमधील वॉलवर्थ या कष्टकरी वस्तीत पेंब्रोक कॉलेजचे जे सेवाकेंद्र होते, तेथे त्यांनी अंग मोडेपर्यंत काम केले. प्रकृती ढासळल्यावर ते केंब्रिजला अध्यापनासाठी परतले. बॅसिल वेस्टकॉट हिंदुस्थानात आला होता. १९०० मध्ये तो पटकीने दगावला. मित्राची रिकामी जागा आपण भरावी, हा विचार अँड्र्यूज यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला.

२० मार्च १९०४ रोजी ते दिल्लीत पोहोचले. हा दिवस ते पुढे आपला दुसरा जन्मदिवस मानीत. द्विज शब्दाची ही छटा त्यांना आवडत असे.

तेव्हाची दिल्ली अजून राजधानी झालेली नव्हती. केंब्रिज मिशनने १८८१ मध्ये स्थापन केलेले सेंट स्टीफन्स कॉलेज काश्मिरी दरवाज्याजवळ होते. शहरातील ख्रिस्ती जीवनाची विभागणी मात्र इमारतींवरूनच दिसत असे. काश्मिरी दरवाज्याचे सेंट जेम्स चर्च हे मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांचे. फतेहपुरीच्या बाजूचे, १८६२ मधले सेंट स्टीफन्स चर्च देशी ख्रिस्ती मंडळींचे. दोन्ही ठिकाणी प्रभूने आपले शरीर सर्वांसाठी दिले हेच शब्द उच्चारले जात. पण ज्याला एका मेजाशी गुडघे टेकता येत होते, त्याला त्याच गोऱ्या बांधवाच्या घरच्या टेबलावर जागा मिळेलच असे नव्हते. महाराष्ट्रातील वाचकाला हा पंक्तिभेद ओळखीचा वाटावा. फरक इतकाच की तो येथे वर्णाचा नसून कातडीच्या रंगाचा होता, आणि ज्या धर्माने पंक्तिभेद मोडण्याचा दावा केला होता त्याच्याच घरात होता.

या प्रश्नाला अँड्र्यूज यांनी पहिले उत्तर दिले ते कॉलेजात. १९०६ मध्ये प्राचार्यपद रिकामे झाले तेव्हा केंब्रिजचा पदवीधर, इंग्रज आणि दीक्षित धर्मगुरू या नात्याने त्यांचे नाव स्वाभाविकपणे पुढे होते. त्यांनी ते नाकारून उपप्राचार्य सुशीलकुमार रुद्र यांच्या नेमणुकीचा आग्रह धरला. रुद्र हे बंगाली ख्रिस्ती; कॉलेजात त्यांचा अनुभव दीर्घ होता. इंग्रज अध्यापकांनी एका हिंदी प्राचार्याच्या हाताखाली काम करावे ही कल्पना त्या काळी अनेकांना असह्य होती. रुद्र प्राचार्य झाले, आणि अँड्र्यूज यांनी त्यांच्या हाताखाली आठ वर्षे अध्यापन केले. १९१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून आलेले गांधीजी दिल्लीत उतरत ते याच रुद्र यांच्या घरी. इतिहासात या घराची नोंद राजकीय कारणाने झाली; पण त्या घरच्या पंक्तीला हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती एकत्र जेवत, हे तिचे अधिक मूलभूत महत्त्व आहे.

दिल्लीने अँड्र्यूज यांना आणखी एक मित्र दिला: जुन्या दिल्ली कॉलेजचे विद्यार्थी, गणिताचे आणि इतिहासाचे उर्दू ग्रंथकार मुन्शी झकाउल्ला. १९१० मध्ये झकाउल्ला वारले. त्यांचे चरित्र अँड्र्यूज यांनी १९२९ मध्ये प्रसिद्ध केले. उत्तर हिंदुस्थानातील एकोणिसाव्या शतकाच्या वाङ्मयीन जागृतीचा अभ्यास करणाऱ्यांना ते पुस्तक आजही उपयोगी पडते. मुसलमान विद्वानाचे चरित्र ख्रिस्ती धर्मगुरूने लिहावे आणि त्यात धर्मांतराची इच्छा कोठेही डोकावू नये, ही गोष्ट त्या काळच्या मिशनरी वाङ्मयात अपवादात्मक होती. गुरुकुल कांगडीचे मुन्शीराम, म्हणजे पुढचे स्वामी श्रद्धानंद, हे दुसरे स्नेही. १९१२ मध्ये लंडनला चित्रकार रोथेनस्टाइन यांच्या घरी रवींद्रनाथांच्या इंग्रजी कवितांचे वाचन झाले आणि तिसरे, सर्वांत प्रभावी नाते जुळले.

येथेच पेच सुरू झाला. इंग्लंडच्या चर्चच्या उपासनाग्रंथानुसार वर्षातील काही ठरावीक सणांना अथानेशियसचा म्हणून ओळखला जाणारा मतांगीकार म्हणावा लागे. नाताळ आणि पुनरुत्थानाचा सण हे त्यांत आलेच. त्रैक्याविषयीचा हा मतांगीकार जो मानत नाही, त्याचा सर्वकाळ नाश होईल अशा अर्थाची विधाने त्यात आहेत. पुनरुत्थानदिनी मरण जिंकले गेल्याची घोषणा करावयाची आणि त्याच सकाळी झकाउल्लांसारख्या माणसाला नरकात लोटणारे शब्द त्याच तोंडाने उच्चारावयाचे, हे अँड्र्यूज यांना दिवसेंदिवस अशक्य होत गेले. काही धार्मिक विधानांच्या शब्दशः अर्थाविषयीही त्यांच्या मनात शंका होत्या. परंतु शंका अनेक धर्मगुरूंना असतात आणि ते त्यांच्यासह उपासना चालवतात. ज्याच्या मनाला शब्द आणि आचरण यांतील अंतर सोसवत नसे, त्याला तो मार्ग खुला नव्हता.

त्याआधी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या हाकेने त्यांच्या आयुष्याला निराळे वळण दिले होते. १९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहासाठी गोखले निधी गोळा करीत होते. अँड्र्यूज यांनी आपली शिल्लक त्यांच्या स्वाधीन केली, आणि गोखल्यांच्या सांगण्यावरून विल्यम पिअर्सन यांच्यासह ते नाताळ वसाहतीकडे निघाले. १९१४ च्या जानेवारीच्या आरंभी डर्बनच्या धक्क्यावर गांधीजींना ओळखताच त्यांनी वाकून त्यांच्या पायांना स्पर्श केला. गोऱ्या वृत्तपत्रांनी यावर बराच गहजब केला. त्यांचे प्रवचन ऐकण्यासाठी गांधीजी चर्चपाशी गेले असता त्यांना आत घेतले गेले नाही, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. प्रभूच्या घराच्या दारातूनच माणूस परत फिरवला जातो, हे दिल्लीत त्यांनी सौम्य रूपात पाहिले होते. डर्बनला ते उघडपणे दिसले. याच दिवसांत इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली.

१९१४ च्या मध्यास दिल्लीचे कॉलेज आणि केंब्रिज मिशनची बंधुमंडळी सोडून ते शांतिनिकेतनात दाखल झाले. त्याच वर्षी त्यांनी बिशपांना कळवून धर्मगुरूपदाचे काम थांबवले. त्यांनी ख्रिस्ती धर्म सोडला अशी वदंता पसरली, आणि मित्रांपैकीही काहींनी ती खरी मानली. ती खरी नव्हती. त्यांनी वेदीमागची जागा सोडली होती. वेदीसमोर गुडघे टेकण्याचे सोडले नव्हते. हा फरक बाहेरच्या माणसाला बारीक वाटेल. ज्याने सतरा वर्षे आपल्या हाताने भाकर मोडली होती, त्याला तो बारीक नव्हता. घर, वेतन, सहकाऱ्यांचा सहवास आणि रोज सकाळचा तो विधी, एवढे एका वर्षात सुटले.

याच सुमारास महाराष्ट्रातही असाच प्रश्न एका कवीला छळत होता. नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून सातारा येथे देवाचा दरबार उभारण्यास घेतला आणि त्याचे दार बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना मोकळे ठेवले. एक जन्माने ब्राह्मण, दुसरा जन्माने इंग्रज; दोघांनाही ख्रिस्त हवा होता आणि त्याच्याभोवतीची कुंपणे नको होती. टिळकांनी आपला मार्ग अभंगात शोधला. अँड्र्यूज यांच्यापाशी तसे काव्य नव्हते. त्यांनी कविता लिहिल्या, पण त्या सामान्य आहेत.

काव्य नव्हते, दृष्टी मात्र होती, आणि ती एका विशिष्ट अनुभवातून आली. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी मळ्यावरून पळून आलेला, पाठीवर फटक्यांचे वळ असलेला एक करारबद्ध मजूर पाहिला होता. १९१५ मध्ये आजारातून उठून ते सिमल्याला विश्रांती घेत असताना त्या मजुराची भेदरलेली मुद्रा त्यांच्या मनश्चक्षूंपुढे आली, आणि पाहता पाहता तिच्या जागी ख्रिस्ताची मुद्रा दिसू लागली. या अनुभवानंतर काही महिन्यांतच ते पिअर्सनसह फिजीला गेले. दोघांनी १९१६ मध्ये सादर केलेल्या अहवालाने करारबद्ध मजुरीच्या पद्धतीची नैतिक बाजू पूर्ण कोसळली. १९१७ मध्ये ते पुन्हा गेले. त्याच वर्षी हिंदुस्थानातील मजूरभरती बंद झाली आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करारही रद्द झाले. एखाद्या ध्यानातील दर्शनाचा इतका थेट प्रशासकीय परिणाम झाल्याचे उदाहरण विरळा. भाकरीत ख्रिस्ताचे शरीर ओळखावे असे चर्च शिकवते. अँड्र्यूज यांनी ते फटके खाल्लेल्या पाठीत ओळखले.

१९१९ मध्ये पंजाबात लष्करी कायदा चालू असता अमृतसरला जाण्याचा त्यांनी प्रयत्न केला तेव्हा त्यांना अडवून परत पाठवण्यात आले. पुढे ते गेले आणि आपल्या देशबांधवांनी केलेल्या अत्याचारांबद्दल खेड्यापाड्यांतून क्षमा मागत हिंडले. १९२१ मध्ये चांदपूरला आसामच्या चहामळ्यांतून परतणाऱ्या निराधार मजुरांत होते. गांधीजींशी मतभेद झाला तर ते स्पष्ट बोलत. विदेशी कापडाच्या होळीला त्यांनी जाहीर विरोध केला. वस्त्रहीन माणसे भोवती असताना वस्त्र जाळणे त्यांना पटले नाही.

सप्टेंबर १९२२ मध्ये अमृतसरजवळ गुरू का बाग येथे अकाली सत्याग्रहींवर पोलिसांनी पितळी टोकाच्या काठ्या चालवल्या. काळ्या फेट्यांचे शीख हात जोडून पुढे येत, मार खाऊन कोसळत, उठून पुन्हा उभे राहत. प्रतिकार कोणी करीत नसे. अँड्र्यूज यांनी हे स्वतः पाहिले. वधस्तंभाचे स्मरण त्यांना येथे अटळ झाले आणि तसे त्यांनी आपल्या वृत्तांतात लिहिले. पंजाबच्या गव्हर्नरची भेट घेऊन त्यांनी हकीकत सांगितली, आणि त्यानंतर मारहाण थांबली. या वृत्तांतात एक गोष्ट लक्षणीय आहे. शिखांना ख्रिस्ताची उपमा देऊन त्यांना आपल्या धर्मात ओढण्याचा प्रयत्न त्यात नाही. उलट ख्रिस्ताचे दुःख समजून घेण्यासाठी ख्रिस्ती माणसाने येथे यावे असा त्याचा रोख आहे. टीकाकार म्हणत की अँड्र्यूज यांना जेथे तेथे ख्रिस्त दिसतो, आणि जो सर्वत्र दिसतो त्याचे रूप शेवटी धूसर होते. या आक्षेपात तथ्य आहे. त्यांच्या लेखनात भावनेचा पूर पुष्कळदा विचाराचे काठ बुडवतो, आणि प्रभुभोजनाविषयी सुसंगत अशी तात्त्विक मांडणी त्यांनी कोठेही केलेली नाही. पण गुरू का बागेत तरी रूप धूसर नव्हते.

दोन वर्षांनी ते पुन्हा दिल्लीत आले. कोहाटच्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांच्या वैराचे प्रायश्चित्त म्हणून गांधीजींनी सप्टेंबर १९२४ मध्ये मौलाना महंमद अलींच्या घरी एकवीस दिवसांचा उपवास आरंभला. पुढे त्यांना रिजजवळच्या दिलखुश या बंगल्यात हलवण्यात आले. अँड्र्यूज त्यांच्या शुश्रूषेला राहिले आणि त्या काळात 'यंग इंडिया'चे संपादनही त्यांनी सांभाळले. ८ ऑक्टोबरला दुपारी उपवास सुटावयाचा होता. हकीम अजमलखान, मौलाना आझाद, अली बंधू, मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास ही मंडळी खाटेभोवती जमली. इमामसाहेब बावझीर यांनी कुराणातील आरंभीच्या आयती म्हटल्या. अँड्र्यूज यांनी आयझॅक वॉट्स यांचे वधस्तंभाविषयीचे गीत गायले. विनोबांनी उपनिषदातील मंत्र म्हटले आणि बाळकोबांनी वैष्णवाची लक्षणे सांगणारे भजन गायले. नंतर डॉक्टर अन्सारी यांनी संत्र्याचा रस पुढे केला.

या प्रसंगाला प्रभुभोजन म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग होईल. गांधीजींनी तसे मानले नसते आणि कोणत्याही चर्चने ते मान्य केले नसते. तरीही दहा वर्षांपूर्वी त्याच शहराच्या धर्मसेवेतून बाहेर पडलेल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर त्यातील घटक ओळखू येतात: इतरांच्या अपराधाबद्दल स्वतःच्या देहाने भोगलेले क्लेश, त्या क्लेशाभोवती एकत्र आलेली दुभंगलेली माणसे, वधस्तंभाचे गीत, आणि नंतर एक पेला. अथानेशियसच्या मतांगीकाराने ज्यांना बाहेर ठेवले असते ते सर्व त्या खोलीत होते. विनोबांनी पुढे ख्रिस्तवचनांचे सार संकलित केले; त्या आस्थेचा उगम एकाच प्रसंगात शोधू नये, परंतु त्या दुपारी ख्रिस्तगीत आणि उपनिषद एकापाठोपाठ म्हटले गेले, एवढे खरे.

रुद्र १९२५ मध्ये वारले आणि अँड्र्यूज यांचा दिल्लीतील मुख्य आधार गेला. पुढची वर्षे त्यांनी अखंड प्रवासात काढली: पूर्व आणि दक्षिण आफ्रिका, ब्रिटिश गियाना, इंग्लंड. सामान हरवणे, कोट कोणाला तरी देऊन टाकणे, पत्रांचे ढीग अनुत्तरित राहणे, या त्यांच्या सवयींच्या गोष्टी स्नेही प्रेमाने आणि काहीशा वैतागाने सांगत. १९३२ मध्ये ख्रिस्ताच्या ऋणाविषयीचे त्यांचे आत्मनिवेदनात्मक पुस्तक प्रसिद्ध झाले. वेदी सोडण्याची कथा त्यांनी त्यात कटुता न ठेवता सांगितली आहे. ख्रिस्ताचे चरित्र लिहावे ही त्यांची दीर्घ इच्छा होती. ते पुरे झाले नाही.

मध्यंतरी चर्चही बदलत होते. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापलेल्या ख्रिस्त सेवा संघाने पुण्यात इंग्रज आणि हिंदी ख्रिस्ती यांना एका आश्रमात, एका पंक्तीला बसवले होते. दंडवाचक मतांगीकाराचा उच्चार सार्वजनिक उपासनेतून मागे पडत चालला होता. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत अँड्र्यूज यांनी धर्मगुरूपदाचे काम पुन्हा हाती घेतले. त्यासाठी त्यांनी आपली कोणतीही मैत्री मागे घेतली नाही, की कोणाचे धर्मांतर घडवण्याचे वचन दिले नाही. तरुणपणी ज्या शब्दांपाशी ते अडखळले होते त्यांच्यापेक्षा भाकर मोडण्याची कृती त्यांना मोठी वाटू लागली होती, असा याचा अर्थ लावता येईल. शांतिनिकेतनातल्या एकांताने आणि मजुरांच्या वस्त्यांनी त्यांना जे दिले ते घेऊनच ते मेजापाशी परतले. ते १९१४ मध्ये गेले नसते तर १९३० नंतर असे परतूही शकले नसते.

१९४० च्या आरंभी ते कलकत्त्यात रुग्णालयात दाखल झाले. गांधीजी त्यांना तेथे भेटून गेले. शस्त्रक्रियेनंतर ५ एप्रिल १९४० रोजी त्यांचे निधन झाले आणि लोअर सर्क्युलर रोडवरील दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. त्या वेळी कलकत्त्याचे मेट्रोपॉलिटन बिशप होते फॉस वेस्टकॉट, म्हणजे ज्याच्या मृत्यूने अँड्र्यूज हिंदुस्थानाकडे ओढले गेले त्या बॅसिलचे बंधू. त्यांच्या स्मारकासाठी, शांतिनिकेतनच्या कामाकरिता, पाच लाख रुपये जमवण्याचे गांधीजींनी मनावर घेतले, आणि १९४२ मध्ये मुंबईत फिरून ती रक्कम पुरी केली.